फिलाडेल्फियाचा कागदी

'आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू दुसरे काहीतरी लिही,' असे स्मरणिका समितीने बजावले, म्हणून हा लेख. इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर फुल्ली-गोळा खेळणाऱ्याने इतिहासावर लिहावे, हे वाचून सर हसतील. पण सर, विषय राजांचा नाही, तहांचाही नाही. विषय एका कारागिराचा आहे.

त्याचे नाव विल्यम रिटनहाउस. धंदा कागद बनवण्याचा. जन्म 1644 चा, जर्मनीतल्या म्यूलहाइमकडचा. म्हणजे शिवाजी महाराजांहून हा 14 वर्षांनी लहान. मृत्यू 1708 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. म्हणजे औरंगजेब नगरला वारला त्याच्या पुढच्या वर्षी. इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतली पहिली कागदाची गिरणी या माणसाने उभी केली, आणि तिथल्या मेनोनाइट मंडळीचा पहिला उपदेशकही तोच. गिरणीची गोष्ट तिकडच्या शाळकरी पुस्तकांत येते. उपदेशकाची सहसा येत नाही. मला मात्र दोन्ही एकत्रच सांगायच्या आहेत, कारण त्या माणसाच्या आयुष्यात त्या वेगळ्या नव्हत्या.

माझा याच्याशी संबंध काय, ते आधी सांगतो. बाजारपेठेतला आमचा छापखाना तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. शाळेचे वार्षिक तिथे छापले जायचे, आणि प्रश्नपत्रिकाही. सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे वडील मला छापखान्याच्या उंबरठ्याच्या आत येऊ देत नसत, जेवणाचा डबासुद्धा बाहेरूनच द्यावा लागे. 'तुझ्या बापाकडे पेपर आहे' म्हणून माझी किती विनवणी व्हायची ते करणाऱ्यांना ठाऊक आहे! पुढे तो छापखाना मी चालवला, आणि मीच बंद केला. चार दशके कागदाच्या रिमा मोजण्यात गेली. मुलगी फिलाडेल्फियाला असते. तिच्याकडे गेल्यावर लोक घंटा पाहायला जातात, मी कागदाच्या गिरणीची जागा पाहायला गेलो, तिथून हा नाद लागला.

आता मेनोनाइट म्हणजे कोण? आपल्याकडे हा शब्द ऐकलेला असलाच तर धमतरीमुळे. 1896-97 च्या मोठ्या दुष्काळानंतर अमेरिकेतले मेनोनाइट मिशनरी छत्तीसगढात आले आणि 1899 मध्ये त्यांनी धमतरीला काम सुरू केले. पण मूळ फार जुने आहे. 1525 मध्ये झुरिक शहरात काही तरुणांनी म्हटले की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून ख्रिस्ती होत नाही. माणूस जाणता झाला, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, की मगच त्याचा बाप्तिस्मा. आज ऐकताना यात भांडण्यासारखे काही वाटत नाही. त्या काळी मात्र चर्चची नोंदवही आणि राज्याची नोंदवही एकच होती. बाप्तिस्मा नाकारणे म्हणजे राज्यच नाकारणे. शिवाय हे लोक शपथ घेत नसत आणि हत्यार उचलत नसत. झुरिकला त्यांना नदीत बुडवले, इतर ठिकाणी जाळले. नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा मेनो सिमन्स नावाचा पाद्री 1536 मध्ये रोमन चर्च सोडून यांच्यात आला, त्याने विखुरलेल्यांना बांधले, आणि त्याच्या नावावरून लोक त्यांना मेनोनाइट म्हणू लागले.

या छळातून एक गोष्ट घडली, ती आपल्या गोष्टीला महत्त्वाची आहे. ज्यांना जमीन, सैन्य आणि सरकारी हुद्दे बंद, ते हातातल्या कसबावर जगतात. विणकर, गिरणीवाले, चांभार, सुतार, कागद करणारे असे या पंथात खूप. आणि त्यांचा उपदेशकही त्यांच्यातलाच. तो पाठशाळेतून शिकून आलेला नसे, त्याला पगार नसे. मंडळीच आपल्यातल्या एकाला निवडी, आणि निवड झाली की माणूस आठवडाभर आपला धंदा करून रविवारी उपदेश करी. आपल्याला हे समजायला अवघड नाही. गोरोबांचे चाक, सावतोबांचा मळा, नरहरींची पेटी हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. फरक इतकाच की आपल्या संतांना कोणी मते देऊन नेमले नव्हते. विल्यमला नेमले, आणि त्या नेमणुकीचे ओझे त्याने कसे वाहिले, तोच या लेखाचा गाभा आहे.

तरुणपणी तो जर्मनीतून नेदरलँड्समध्ये गेला. आर्न्हेमच्या भागात कागदाचा धंदा होता, तिथे त्याने काम केले. 1678 मध्ये त्याने अ‍ॅमस्टरडॅमचे नागरिकत्व घेतले. डच कागद त्या वेळी युरोपात नाव कमावून होता, म्हणजे चांगल्या ठिकाणी तो धंदा शिकला. असा चाळिशी ओलांडलेला, हातात कसब असलेला माणूस समुद्र ओलांडून जंगलात का जाईल? 1681 मध्ये इंग्लंडच्या राजाने विल्यम पेनला अमेरिकेत मोठा मुलूख दिला होता. पेन क्वेकर होता, त्याच्या पंथालाही शपथ आणि शस्त्र वर्ज्य. आपल्या मुलखात धर्मासाठी कोणाला त्रास होणार नाही, असे त्याने जाहीर केले. 1683 च्या ऑक्टोबरात क्रेफेल्ट गावची 13 कुटुंबे 'कॉनकॉर्ड' जहाजातून फिलाडेल्फियाला उतरली आणि त्यांनी शेजारी जर्मनटाउन वसवले. त्यातले बहुतेक मूळचे मेनोनाइट घरांतले, पुढे क्वेकर झालेले, आणि जवळजवळ सगळे विणकर. विल्यम 1688 च्या सुमारास तिथे पोहोचला, वयाच्या 44 व्या वर्षी, मुलांसह. थोरला क्लाउस तेव्हा 22 वर्षांचा होता.

त्याच 1688 मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी एक निवेदन लिहिले: माणसांची खरेदी-विक्री करणे आपल्या धर्मात कसे बसते, असा त्यात सरळ सवाल होता. इंग्रजी वसाहतींत गुलामगिरीविरुद्ध लिहिलेला हा पहिला निषेध मानतात. सह्या चौघांच्या, विल्यमची त्यात नाही. पण ज्या गावात तो कागद लिहिला गेला, त्या गावात तो राहायला आला होता. माझ्यातला छापखानेवाला इथे एक गोष्ट टिपून ठेवतो: तो कागद परदेशी होता. असायलाच हवा, कारण विल्यमची गिरणी अजून उभी राहायची होती.

गिरणी 1690 ची. इकडे राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते तेव्हाची. फिलाडेल्फियाचा मुद्रक विल्यम ब्रॅडफर्ड याला कागद हवा होता. इंग्लंडहून येणारा कागद महाग, आणि तो वेळेवर येईलच याचा भरवसा नाही. त्याने सॅम्युअल कार्पेंटर, रॉबर्ट टर्नर, थॉमस ट्रेस या पैसेवाल्यांना बरोबर घेतले. जमीन कार्पेंटरची, सुमारे 20 एकर, विसाहिकन नदीला मिळणाऱ्या मोनोशोन नावाच्या ओढ्याकाठची. कसब विल्यमचे. सगळ्या भागीदारांत कागद कसा करतात हे ठाऊक असलेला हा एकटा.

आपल्या कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीची पूड घालून टोपल्या करायला शिकवल्या होत्या, आठवते? हात आठवडाभर मेथीचे वास मारायचे. कागद करणे म्हणजे तेच, फक्त फार पातळ आणि फार सारखे. लाकडापासून कागद ही 19 व्या शतकातली गोष्ट. विल्यमचा कागद जुन्या तागी कापडाच्या, म्हणजे लिननच्या चिंध्यांचा. चिंध्या निवडायच्या, बटणे-शिवणी काढायच्या, भिजवून कुजत ठेवायच्या. मग पाण्याच्या चाकावर चालणारे जड लाकडी हातोडे त्यांना कुटून कुटून धागा न् धागा सुटा करीत. तो लगदा हौदात कोमट पाण्यात सोडायचा. एक जण तारेच्या जाळीचा साचा दोन्ही हातांनी आत बुडवून उचलणार, उचलताना एक हिसका देणार. त्या एका हिसक्यात तंतू एकमेकांत आडवे-उभे गुंततात. हिसका चुकला की ताव एका बाजूला जाड, दुसरीकडे झिरझिरीत. दुसरा माणूस तो ओला ताव लोकरीच्या कापडावर पालथा घालणार. चळत झाली की दाबयंत्रात पिळायची, मग माळ्यावर दोऱ्यांवर वाळत घालायची. लिहिण्याचा कागद असेल तर कातड्याच्या सरसात बुडवून पुन्हा वाळवायचा, नाहीतर शाई फुटते.

आपल्याकडेही हेच होते. खुलताबादजवळचे कागजीपुरा आणि आपले जुन्नर कागदासाठी प्रसिद्ध. आपल्या कागदी लोकांची छपरी गवताच्या काड्यांची, गुंडाळून ठेवता येणारी. युरोपातला साचा तारेचा, ताठ. ते सरस लावीत, आपले लोक खळ लावून दगडाने घोटीत. म्हणूनच जुन्या पोथीचा कागद गुळगुळीत लागतो आणि त्या काळच्या युरोपी पुस्तकाचा किंचित खरखरीत. हातमागावर आणि हौदावर काम करणाऱ्या दोन देशांच्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, पण हिसका तोच.

तारेच्या साच्याचा एक फायदा असा की तारेचीच एखादी आकृती वळवून जाळीवर शिवली की तिथे लगदा पातळ बसतो आणि उजेडात धरल्यावर ती आकृती दिसते. स्टँप पेपरवर आपण पाहतो तोच वॉटरमार्क. विल्यमच्या तावांत त्याच्या नावाची आद्याक्षरे दिसतात आणि एक तीन पानांचे पान दिसते. ते पान जर्मनटाउनच्या शिक्क्यातले: एका पाकळीत द्राक्षवेल, दुसरीत ताग, तिसरीत विणकराची कांडी. पुढे मुलाची आद्याक्षरे आली. सही करायची याहून सुंदर जागा मला माहीत नाही. वाचणाऱ्याला दिसत नाही, पण काढून टाकता येत नाही.

जर्मनटाउनमध्ये विणकर होते, म्हणून ताग पिके, तागाचे कापड होई, कापड झिजून चिंध्या होत, चिंध्यांचा कागद होई. 1692 मध्ये रिचर्ड फ्रेम नावाच्या माणसाने पेनसिल्व्हेनियाचे वर्णन करणारी एक पद्यपुस्तिका लिहिली, तिच्यात ही साखळी आली आहे. गिरणी सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच ती कवितेत गेली. आमच्या छापखान्यावर 40 वर्षांत कोणी चार ओळी केल्या नाहीत!

ब्रॅडफर्डचे मात्र बिनसले. क्वेकरांच्या आपसातल्या वादात एका बाजूचे साहित्य छापले म्हणून 1692 मध्ये त्याला अटक झाली, आणि 1693 मध्ये तो न्यूयॉर्कला निघून गेला. पण कागदाची गरज तिथेही होतीच. 1697 मध्ये त्याने गिरणीतला आपला चौथा हिस्सा विल्यम आणि क्लाउस यांना दहा वर्षांसाठी भाड्याने दिला. भाडे पैशांत नाही, मालात: दर वर्षी छपाईच्या कागदाच्या 7 रिमा, लिहिण्याच्या चांगल्या कागदाच्या 2 आणि निळ्या कागदाच्या 2. तेव्हाचा दस्ता 24 तावांचा आणि रीम 20 दस्त्यांची. म्हणजे वर्षाला 5,280 ताव, एकेक हिसक्याने काढलेला. मुद्रकाने भाडे कागदात मागावे, यातच कागदाची टंचाई किती होती ते कळते. आम्हाला 1970 च्या दशकात कोट्याचा कागद मिळायचा, तेव्हा हे भाडे वडिलांना नक्की पटले असते.

आता दुसरी बाजू. जर्मनटाउनच्या मेनोनाइटांना उपदेशक नव्हता. सुरुवातीला तर ते आणि क्वेकर एकत्रच जमत. 1690 नंतर आणखी माणसे युरोपातून आली, मग आयझॅक व्हॅन बेबरच्या घरी त्यांची प्रार्थना वेगळी होऊ लागली. एक जण वाचून दाखवी, बाकीचे ऐकत. त्यांच्यातल्याच एकाने पुढे लिहून ठेवले आहे की आमची स्थिती मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होती. 1698 मध्ये त्यांनी निवड केली. उपदेशक म्हणून विल्यम रिटनहाउस, डीकन म्हणून यान नॉयस. विल्यम 54 वर्षांचा होता. गिरणी सोडून द्यायची नव्हती, सोडली असती तर खाणार काय?

उपदेश करण्यात अडचण नव्हती. अडचण होती ती बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांची. मेनोनाइटांच्या रीतीने हे दोन विधी करण्याचा अधिकार हात ठेवून दीक्षा दिलेल्या वडिलाचा, आणि ती दीक्षा दुसरा दीक्षित वडीलच देऊ शकतो. असा वडील अख्ख्या अमेरिकेत नव्हता. सर्वांत जवळचा अटलांटिकपलीकडे, महिना-दोन महिन्यांच्या प्रवासावर. जर्मनटाउनने हाम्बुर्गजवळच्या आल्टोना येथील मंडळीला पत्र लिहिले: कोणी तरी या. आल्टोनाहून उत्तर आले की एवढ्या लांबच्या प्रवासाला कोणी तयार नाही, तुम्ही निवडलेल्या सेवकानेच हे विधी करावेत, आमची संमती आहे.

संमती आली, तरी विल्यमच्या हयातीत ते विधी झाले नाहीत. तो उपदेश करीत राहिला, लग्न-मरणाला उभा राहिला, लोकांची भांडणे ऐकली. भाकर मोडून वाटली मात्र नाही, आणि कोणाच्या डोक्यावर पाणी घातले नाही. काही जुन्या पुस्तकांत त्याला अमेरिकेतला पहिला मेनोनाइट बिशप म्हटलेले आढळते. बिशप म्हणवून घ्यायला जे करावे लागते, ते त्याने केलेले नाही.

मी यावर बराच विचार केला. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रागच आला. ज्या गोष्टीसाठी यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी नदीत बुडून जीव दिले, ती गोष्ट हातात असताना एक माणूस रीतीचा कागद पुरा नाही म्हणून थांबतो? गावात मुले मोठी होत होती. जाणत्या वयाचा बाप्तिस्मा हेच ज्यांच्या पंथाचे नाव, त्यांची जाणती मुले बाप्तिस्म्यावाचून राहिली, म्हणजे त्यांच्याच हिशेबात मंडळीबाहेर राहिली. नऊ वर्षे ही लहान गोष्ट नाही. त्या घरांतल्या आयांना काय वाटत असेल?

पण कारागीर म्हणून पाहिले की मला त्याचे थोडे कळते. आमच्या धंद्यात एक गोष्ट असते: दुसऱ्याच्या नावाचा शिक्का आपण आपल्या मालावर उठवायचा नाही. वडिलांकडे एकदा एक गृहस्थ कोऱ्या पावती पुस्तकाची छपाई घेऊन आले, वर संस्थेचे नाव, संस्थेचे पत्र मात्र बरोबर नाही. काम मोठे होते, दिवाळी तोंडावर होती. वडिलांनी नमुना परत दिला. 'पत्र आणा, रात्रीतून छापून देतो.' विल्यमला आल्टोनाचे पत्र आले होते हे खरे. तरी हात ठेवलेला नव्हता. ज्याचा माल वॉटरमार्कावरून ओळखला जातो, त्याला बिनखुणेचा ताव विकणे जमले नसावे, असे मला वाटते. त्याचे बरोबर की आल्टोनाचे, हा वाद मी सरांवर सोपवतो. मला विचाराल तर थांबण्याची किंमत त्याने एकट्याने भरली नाही, गावानेही भरली. आणि तरीही गावाने त्याला बदलले नाही, हे मला विशेष वाटते.

या मधल्या वर्षांतच पूर आला. 1701 च्या सुमाराला मोनोशोनला लोंढा आला आणि गिरणी वाहून गेली. इमारत, हातोडे, साचे, चिंध्यांचा साठा, तयार माल, सगळे. तो ओढा मी पाहिला आहे. उन्हाळ्यात घोटाभर पाणी. आपल्या नदीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे समजावून सांगायला नको: उन्हाळ्यात जी चप्पल हातात घेऊन ओलांडतो, तीच श्रावणात घरे नेते. विल्यम साठीकडे आला होता. स्वतः पेनने त्याच्यासाठी लोकांकडे मदत मागितली. म्हातारा माणूस आहे, त्याचा धंदा साऱ्या प्रांताच्या उपयोगाचा आहे, असा त्या आवाहनाचा सूर. 1702 मध्ये गिरणी पुन्हा उभी राहिली, जुन्या जागेजवळच, आता क्लाउसच्या खांद्यावर अधिक. पूर येऊन गेला तरी रविवार चुकला नाही. 1702 मध्येच मंडळीने विल्यमच्या मदतीला याकोब गॉटशाल्क आणि हान्स नॉयस असे आणखी दोन उपदेशक निवडले. मेंढरांची ती उपमा आणि या मंडळीचा सगळा आरंभीचा वृत्तांत आपल्याला मिळतो तो गॉटशाल्कने लिहून ठेवल्यामुळे.

भागीदार एकेक करून बाजूला झाले आणि शेवटच्या वर्षांत गिरणी पूर्णपणे रिटनहाउसांची झाली. कार्पेंटरने जमीन नऊशेहून अधिक वर्षांच्या कराराने दिली, भाडे वर्षाला पाच शिलिंग. तीन देश बदललेल्या माणसाला नऊशे वर्षांचा करार करताना काय वाटले असेल? 1707 मध्ये ओढ्याकाठी दगडी घर बांधून झाले. 1708 च्या फेब्रुवारीत विल्यम वारला, 64 व्या वर्षी.

आणि मग तीन महिन्यांत सगळे घडले. 1708 च्या मार्च-एप्रिलमध्ये मंडळीने नवे डीकन आणि नवे उपदेशक निवडले. 9 मे रोजी गॉटशाल्कच्या हातून 11 जणांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेतल्या मेनोनाइटांच्या नोंदीत हा पहिला. 23 मे रोजी पहिले प्रभुभोजन. आल्टोनाची संमती अखेर कामी आली. त्याच वर्षी लाकडी ओंडक्यांचे प्रार्थनाघर उभे राहिले. ज्याने नऊ वर्षे उपदेश केला, त्याला यातले काही पाहायला मिळाले नाही.

पुढचे थोडक्यात. क्लाउसने दोन्ही गोष्टी चालवल्या, गिरणी आणि उपदेश. 1734 मध्ये तो वारला. त्याचा मेहुणा विल्यम डेवीज याच हौदावर शिकला आणि 1710 मध्ये त्याने विसाहिकनवरच दुसरी गिरणी काढली. 1727 मध्ये मेनोनाइटांचे श्रद्धेचे कबुलीपत्र फिलाडेल्फियात इंग्रजीतून छापले गेले, मुद्रक अँड्र्यू ब्रॅडफर्ड, म्हणजे जुन्या भागीदाराचा मुलगा. रिटनहाउसांच्या अनेक पिढ्यांनी त्या ओढ्यावर कागद केला. विल्यमचा खापरपणतू, खरे तर पणतू, डेव्हिड, 1732 मध्ये त्या 1707 च्या घरातच जन्मला. तो घड्याळे करता करता खगोलशास्त्रज्ञ झाला, 1769 मध्ये त्याने शुक्राचे अधिक्रमण पाहिले, आणि अमेरिकेच्या टांकसाळीचा तो पहिला संचालक. फिलाडेल्फियात ज्या रिटनहाउस चौकात आपली मुले कॉफी प्यायला नेतात, तो या पणतूच्या नावाचा. पणजोबाचे नाव वस्तीला आहे, रिटनहाउसटाउन, पण तिथे फारसे कोणी नेत नाही.

तेव्हा मुलांकडे जाणाऱ्यांसाठी: शहरातून लिंकन ड्राइव्हने वायव्येला निघालात की रस्त्याला लागूनच ते ठिकाण लागते. गिरणी आता नाही. घर आहे, ओढा आहे, इतर काही जुन्या दगडी इमारती आहेत. तिथून थोड्या अंतरावर जर्मनटाउन अ‍ॅव्हेन्यूवर मेनोनाइटांचे प्रार्थनाघर आहे, ओंडक्यांचे काढून 1770 मध्ये दगडाचे बांधले ते. आत साधे बाक आहेत. आपल्या शाळेच्या बाकांसारखेच, पण यांवर कोणी करकटकाने नाव कोरलेले नाही.